घोडा पळवायचा, पण चौखूर उधळू द्यायचा नाही! ओहायोच्या जत्रेतल्या ‘लिटल ब्राउन जग’ शर्यतीची कहाणी

अमेरिकेच्या ओहायो राज्यात डेलावेअर नावाचं एक लहान शहर आहे. राज्याची राजधानी कोलंबस तिथून साधारण ४० किलोमीटरवर. सप्टेंबर महिन्यात या शहरात काउंटीची जत्रा भरते. काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखाच तिथला प्रशासकीय भाग. जत्रेत गायी, डुकरं, कोंबड्यांची प्रदर्शनं असतात, भोपळ्यांना बक्षिसं मिळतात, पाळणे असतात, खाण्याचे स्टॉल असतात. आणि जत्रेच्या आठवड्यातल्या गुरुवारी मैदानाच्या कुंपणाला लागून मुंगी शिरायला जागा उरत नाही.

त्या दिवशी ‘लिटल ब्राउन जग’ ही शर्यत असते. जागा धरण्यासाठी लोक आधीच आपापल्या घडीच्या खुर्च्या आणून कुंपणाला साखळीने बांधून ठेवतात. ज्याची खुर्ची, त्याची जागा. चांगल्या वर्षी एका दिवसात चाळीस हजारांहून जास्त माणसं इथं येतात.

ही काही गावपातळीची साधी शर्यत नाही. गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यतीतला अमेरिकेतला हा सर्वांत मोठ्या मानांपैकी एक. तरी ती १९४६ पासून आजतागायत जत्रेच्याच मैदानात होते. मोठमोठ्या शहरांतले ट्रॅक बंद पडले, बरोबरीच्या शर्यती जागा बदलत फिरल्या, ही मात्र हलली नाही. असं का झालं, हे समजण्यासाठी आधी ही शर्यत नेमकी कशी असते ते पाहावं लागेल.

घोड्यावर स्वार नाही, मागे गाडी

मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्या शर्यती होतात, त्यात घोड्याच्या पाठीवर जॉकी बसतो आणि घोडा चौखूर धावतो. ‘हार्नेस रेसिंग’ वेगळं. यात घोड्याला दोन चाकांची अगदी हलकी गाडी जुंपतात. तिला ‘सल्की’ म्हणतात. गाडीत एकच माणूस बसतो, पाय पुढे पसरून, हातात लांब लगाम घेऊन. त्याला ड्रायव्हर म्हणतात. सातारा-सांगलीकडे बैलगाडी पळवणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणतात, त्यामुळे शब्द नवा नाही.

खरी गोम मात्र घोड्याच्या चालीत आहे. इथं घोड्याने चौखूर धावायचं नसतं. ठरलेली चाल धरूनच पळायचं. चाल मोडली आणि घोडा उधळला, तर ड्रायव्हरला त्याला बाजूला घेऊन, वेग कमी करून पुन्हा चालीवर आणावं लागतं. तोवर बाकीचे पुढे निघून जातात. म्हणजे नुसता वेग असून भागत नाही, वेगातही चाल सांभाळावी लागते.

या शर्यतींत दोन चाली चालतात. पहिली ‘ट्रॉट’, म्हणजे दुडकी. यात पुढचा डावा आणि मागचा उजवा असे तिरपे पाय एकदम पडतात. दुसरी ‘पेस’. यात एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र पुढे जातात, मग दुसऱ्या बाजूचे. उंटाची चाल ज्याने पाहिली असेल त्याच्या हे लगेच लक्षात येईल. आपल्याकडे मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची ‘रेवाल’ चाल प्रसिद्ध आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तिचं मोठं कौतुक होतं. रेवालसुद्धा एका बाजूच्या पायांवर तोललेली चाल. स्वाराला धक्का बसू नये ही तिची खुबी. ‘पेस’ तिचीच लांबची बहीण म्हणता येईल, फक्त ती सुखाच्या सवारीसाठी नाही तर वेगासाठी घोटवलेली. लिटल ब्राउन जग ही अशा ‘पेसर’ घोड्यांची शर्यत आहे.

पेसर घोड्याच्या चारही पायांत बहुधा पट्ट्यांची कड्यासारखी वेटोळी अडकवलेली दिसतात. त्यांना ‘हॉपल्स’ म्हणतात. एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय त्यांनी जोडलेला असतो. पाहणाऱ्याला वाटतं घोडा बांधून ठेवलाय, पण त्यांचा उपयोग चाल टिकवण्यासाठी होतो. १८८० च्या दशकात इंडियाना राज्यात त्यांचा वापर सुरू झाला आणि पेसर घोड्यांच्या शर्यती झपाट्याने वाढल्या. १८९२ च्या सुमारास सल्कीला सायकलसारखी हवा भरलेल्या टायरची चाकं आली, तेव्हा वेग आणखी वाढला.

‘स्टँडर्डब्रेड’: घड्याळावर ठरलेली जात

या शर्यतीतले घोडे ‘स्टँडर्डब्रेड’ जातीचे असतात. नावामागे एक साधा हिशेब आहे. १८७९ मध्ये असं ठरवण्यात आलं, की ठरावीक वेळेच्या आत एक मैल, म्हणजे सुमारे १६०९ मीटर, जो घोडा काढेल तो ‘स्टँडर्ड’ला उतरला. दुडकीच्या घोड्यासाठी ही वेळ २ मिनिटे ३० सेकंद होती. रंग, उंची, डोक्याची ठेवण यांपेक्षा घड्याळाला महत्त्व देऊन घडलेली ही जात.

तिच्या मुळाशी दोन नावं आहेत. १७८८ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आणलेला ‘मेसेंजर’ हा थरोब्रेड घोडा आणि त्याच्या वंशातला, १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला ‘हॅम्बलटोनियन’. हॅम्बलटोनियनपासून १३०० हून जास्त शिंगरं झाली. आजचे जवळपास सगळे स्टँडर्डब्रेड घोडे त्याच्याच वंशातले मानले जातात.

हे घोडे अंगाने दणकट आणि स्वभावाने शांत असतात. शेतकरी कुटुंबं आठवडाभर त्यांना गाडीला जुंपायची आणि जत्रेत शर्यतीला उतरवायची. गाडी तीच, घोडा तोच. म्हणूनच अमेरिकेत या शर्यती गावाकडच्या जत्रांशी जोडल्या गेल्या. थरोब्रेडच्या शर्यती मोठ्या श्रीमंतांच्या, तर गाडीच्या शर्यती शेतकऱ्यांच्या, अशी तिथं जुनी समजूत आहे.

नाव कुठून आलं?

‘लिटल ब्राउन जग’ म्हणजे छोटा तपकिरी बुधला, दारू ठेवायचा. १८६९ मध्ये जोसेफ विनर यांचं या नावाचं एक गाणं आलं आणि घरोघरी पोचलं. पुढे टेनेसी राज्यात जन्मलेल्या एका पेसर घोड्याला हेच नाव मिळालं. या घोड्याने १८८१ मध्ये हार्टफर्ड इथं एक मैल २ मिनिटे ११¾ सेकंदांत काढून त्या काळी विक्रम केला.

त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी डेलावेअरच्या दोन माणसांनी मोठी शर्यत सुरू करायचं मनावर घेतलं. एक वकील जो नेव्हिल आणि दुसरे स्थानिक वर्तमानपत्रात खेळांवर लिहिणारे हँक थॉमसन. तीन वर्षांच्या दुडकीच्या घोड्यांसाठी ‘हॅम्बलटोनियन’ नावाची मानाची शर्यत १९२६ पासून होतीच. तसाच मान पेसर घोड्यांना का नको, असा त्यांचा विचार. शर्यतीचं नाव ठरवण्यासाठी वर्तमानपत्रातून स्पर्धा घेतली आणि लोकांनी त्या जुन्या घोड्याचं नाव निवडलं.

१९४६: पहिली शर्यत

पहिली लिटल ब्राउन जग १९४६ मध्ये झाली. बक्षिसाची एकूण रक्कम सुमारे ३५ हजार डॉलर होती. जिंकला ‘एन्साइन हॅनोव्हर’ आणि त्याचा ड्रायव्हर होता वेन स्मार्ट. सगळे त्याला ‘कर्ली’ म्हणायचे. याच मैदानावर घोडे तयार करणारा हा माणूस, म्हणजे पहिला मान घरच्याच ड्रायव्हरला मिळाला. १९५२ मध्ये ‘मेडो राइस’ घोड्यावर त्याने ही शर्यत पुन्हा मारली.

१९४६ हे वर्ष या खेळासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. त्याआधी शर्यत सुटताना मोठा घोळ व्हायचा. गाड्या चालत्या ठेवून एका रेषेत आणायच्या, जमलं नाही की पुन्हा मागे वळायचं. लोक कंटाळून जायचे. त्या वर्षी न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट रेसवे या ट्रॅकवर मोटारीला दोन्ही बाजूंनी लांब पंख लावलेलं चालतं फाटक आलं. मोटार पुढे धावते, तिच्या पंखांमागे घोडे रांगेत येतात, रेषेवर आल्यावर पंख मिटतात आणि मोटार बाजूला होते. आजही शर्यती अशाच सुटतात.

एकाच दिवशी दोनदा

लिटल ब्राउन जग वेगळी ठरते ती तिच्या नियमांमुळे. फक्त तीन वर्षांचे घोडे यात उतरतात. म्हणजे प्रत्येक घोड्याला आयुष्यात ही संधी एकदाच. ट्रॅक अर्ध्या मैलाचा, सुमारे ८०० मीटरचा. एक मैल पुरा करायला त्यावर दोन फेऱ्या माराव्या लागतात आणि चार वळणं घ्यावी लागतात. मोठ्या शहरांतले बरेच ट्रॅक याच्या दुप्पट असतात. लहान ट्रॅकवर आतल्या बाजूने पळणाऱ्याला अंतर कमी पडतं, बाहेरच्याला जास्त. म्हणून कुणाला कितवी जागा मिळाली, या सोडतीला इथं फार किंमत.

दुसरी गोष्ट याहून अवघड. घोड्याला एकाच दुपारी दोनदा पळावं लागतं. आधी गटाच्या फेऱ्या होतात, तिथल्याला ‘हीट’ म्हणतात. त्यातून पुढे आलेले घोडे काही वेळाने फायनलला उभे राहतात. आपल्याकडे बैलगाडी शर्यतीत एकाच दिवशी गट, सेमी आणि फायनल होतात, तसाच हा प्रकार. जुन्या नियमाने तर मान मिळवायला दोन फेऱ्या जिंकाव्या लागत. पहिल्या फेरीत एक आणि दुसरीत दुसराच घोडा जिंकला, तर विजेत्यांना तिसऱ्यांदा पळवत. पुढे फायनल जिंकणारा विजेता असं ठरलं, पण एका दिवशी दोन फेऱ्यांची प्रथा टिकली.

एका फेरीत जोर लावून जिंकणारे घोडे पुष्कळ असतात. घामाघूम होऊन परत येणं, पाणी-विश्रांती घेऊन तासा-दोन तासांत पुन्हा त्याच ईर्ष्येने पळणं, हे दमदार घोड्यालाच जमतं. जगची खरी परीक्षा हीच.

गाजलेले घोडे

१९५९ मध्ये ‘अडिओस बटलर’ जिंकला. जगमध्ये एक मैल दोन मिनिटांच्या आत काढणारा तो पहिला. दोन मिनिटांत मैल म्हणजे ताशी ४८ किलोमीटरचा वेग, तोही गाडी ओढत आणि चाल न मोडता. त्याचा बाप ‘अडिओस’ हा पैदाशीचा नामांकित घोडा. त्याच्या आठ अपत्यांनी ही शर्यत जिंकली.

१९५५ मध्ये ‘केन पेस’ आणि १९५६ मध्ये ‘मेसेंजर स्टेक्स’ या दोन शर्यती सुरू झाल्या. या दोन आणि जग मिळून पेसर घोड्यांचा ‘तिहेरी मुकुट’ तयार झाला. तिन्ही शर्यती एकाच वर्षी मारल्या तरच हा मुकुट मिळतो. आजवर फक्त दहा घोड्यांना तो मिळाला. पहिला मानकरी अडिओस बटलर. नंतर १९६५ मध्ये ‘ब्रेट हॅनोव्हर’, १९६६ मध्ये ‘रोमिओ हॅनोव्हर’, १९६८ मध्ये ‘रम कस्टमर’ आणि १९७० मध्ये ‘मोस्ट हॅपी फेला’. १९८० मध्ये ‘नायट्रॉस’, १९८३ मध्ये ‘राल्फ हॅनोव्हर’, १९९७ मध्ये ‘वेस्टर्न ड्रीमर’, १९९९ मध्ये ‘ब्लिसफुल हॉल’ आणि २००३ मध्ये ‘नो पॅन इंटेंडेड’. त्यानंतर हा मुकुट कुणाच्याही डोक्यावर चढलेला नाही.

यातला नायट्रॉस विशेष. १९८० च्या जुलैमध्ये साराटोगाच्या ट्रॅकवर तो आतल्या कठड्यावरून उलथून पडला होता. त्यातून सावरून त्याने त्याच वर्षी जग जिंकली. पुढे ऑक्टोबरमध्ये लेक्सिंग्टनला एकट्याने वेळेशी पळताना त्याने मैल १ मिनिट ४९.२ सेकंदांत काढला. १ मिनिट ५० सेकंदांच्या आत मैल काढणारा तो पहिला स्टँडर्डब्रेड.

१९८१ साल घोडीचं. घोड्यांबरोबर पळून ‘फॅन हॅनोव्हर’ जिंकली. जग जिंकणारी ती आजवरची एकमेव घोडी. घोड्यांसाठी जग तशी घोडींसाठी ‘जगेट’ नावाची वेगळी शर्यत १९७१ पासून आदल्या दिवशी होते. तरी तिच्या मालकांनी तिला थेट जगमध्ये उतरवलं होतं.

२०१५ ची फायनल

अलीकडच्या काळात सर्वांत जास्त बोललं जातं ते २०१५ च्या फायनलबद्दल. ‘विगल इट जिगलइट’ नावाचा घोडा. मालक जॉर्ज टीग आणि गाडीवर त्यांचाच मुलगा माँट्रेल टीग. हे कुटुंब डेलावेअर राज्यातलं. शहराचं आणि राज्याचं नाव एकच असलं, तरी दोन्ही वेगळी ठिकाणं आहेत.

हा घोडा खच्ची केलेला होता. अशा घोड्याचा पैदाशीसाठी उपयोग नाही, त्यामुळे पुढे वळू म्हणून मिळणारा पैसाही नाही. त्याची सगळी किंमत पळण्यात. गटाची फेरी मारून तो फायनलला आला आणि तिथं बराच वेळ त्याला बाहेरच्या बाजूने जास्तीचं अंतर पळावं लागलं. शेवटच्या सरळ पट्ट्यात ‘लॉस्ट फॉर वर्ड्स’ने त्याला गाठलं आणि मागे टाकलं. आता संपलं, असं सगळ्यांना वाटत असताना थकलेल्या घोड्याने पुन्हा जोर लावला आणि रेषेवर नाकभर अंतराने शर्यत परत घेतली. त्या वर्षी अमेरिकेतला वर्षाचा सर्वोत्तम हार्नेस घोडा म्हणून त्याचीच निवड झाली.

बाकीच्या हलल्या, ही का राहिली?

तिहेरी मुकुटातल्या इतर दोन शर्यतींचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. मेसेंजर स्टेक्स रूझवेल्ट रेसवेवर सुरू झाली. १९४० मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक रात्रीच्या दिव्यांखालच्या शर्यतींसाठी गाजला होता. १९८८ मध्ये तो बंद पडला आणि मेसेंजरला दुसरी घरं शोधावी लागली. केन पेस न्यूयॉर्कच्या यॉंकर्स ट्रॅकवर सुरू झाली, पण तीही पुढे ठिकाणं बदलत राहिली.

शहरातला ट्रॅक चालतो तो सट्ट्याच्या उलाढालीवर. लॉटरी आणि कॅसिनो आले, तशी ट्रॅकवरची माणसं कमी झाली. जमिनीचे भाव वाढले की मालकाला ट्रॅक विकणं परवडतं. डेलावेअरचं मैदान मात्र कृषी संस्थेचं आहे. तिथं शर्यत हा जत्रेचा भाग आहे आणि जत्रा शर्यतीवर अवलंबून नाही. आजोबांबरोबर आलेला नातू पुढे आपल्या मुलांना घेऊन येतो. सट्टा लावायला येणारे असतात, पण नुसतं पाहायला येणारेही तितकेच.

याची किंमतही मोजावी लागते. बक्षीस आता पाच लाख डॉलरच्या पुढे गेलं असलं, तरी काही मालकांना लहान ट्रॅक आणि एका दिवसात दोन फेऱ्या हा धोका वाटतो. कोट्यवधींच्या घोड्याचा पाय दुखावला तर पैदाशीचं उत्पन्नही जाणार. २००८ मध्ये ‘समबीचसमव्हेअर’ हा कॅनडाचा घोडा जोरात होता. आयुष्यातल्या २१ शर्यतींपैकी २० त्याने जिंकल्या. पण तो जगमध्ये उतरलाच नाही. त्यामुळे दोन फेऱ्यांची प्रथा सोडावी, म्हणजे मोठे घोडे येतील, असं काही जण म्हणतात. दुसरे म्हणतात, ती सोडली तर जग आणि इतर शर्यतींत फरक काय राहिला? हा वाद मिटलेला नाही.

घोड्याच्या हालाचा प्रश्नही आहेच. चाबूक किती आणि कसा वापरायचा, यावर तिथले नियम कडक होत गेले आहेत. शर्यतीनंतर घोड्यांचे नमुने घेऊन उत्तेजक औषधांची तपासणी होते. पळायचं वय सरल्यावर घोड्याचं काय, याचं एक उत्तर ओहायोतच सापडतं. तिथं आमिश समाजाची मोठी वस्ती आहे. हे लोक मोटार बाळगत नाहीत, बग्गीने फिरतात. शर्यतीतून निवृत्त झालेले बरेच स्टँडर्डब्रेड त्यांच्या बग्ग्यांना जुंपले जातात.

इथल्या शर्यतशौकिनांसाठी

महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत दावणीचे बैल विकावे लागलेल्या शेतकऱ्यांना माहीत आहे, की शर्यत थांबली की फक्त खेळ थांबत नाही. जनावर सांभाळण्याचं कारणच जातं.

लिटल ब्राउन जगचा इतिहास हेच दुसऱ्या टोकाने सांगतो. जनावराची जपणूक, ठरलेले नियम आणि गावाची मालकी या तीन गोष्टी टिकल्या म्हणून एका काउंटीच्या जत्रेतली शर्यत देशाची झाली. २०२० मध्ये कोरोनामुळे ती गर्दीविना घ्यावी लागली. त्यानंतर कुंपणाला खुर्च्या पुन्हा लागल्या.

एका नजरेत

- ठिकाण: काउंटी जत्रेचं मैदान, डेलावेअर, ओहायो, अमेरिका
- सुरुवात: १९४६
- कधी: सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिथं कामगार दिनाची सुट्टी असते, त्यानंतरचा तिसरा गुरुवार
- कोण पळतं: तीन वर्षांचे स्टँडर्डब्रेड पेसर
- अंतर: एक मैल, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या
- पद्धत: एकाच दिवशी गटाची फेरी आणि फायनल
- पहिला विजेता: एन्साइन हॅनोव्हर
- जिंकलेली एकमेव घोडी: फॅन हॅनोव्हर (१९८१)
- तिहेरी मुकुटाचा शेवटचा मानकरी: नो पॅन इंटेंडेड (२००३)